चार हातांचं मीठ

"घोरायचं तर दोघींनी एका सुरात तरी घोरा. एक सूर वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि मधे माझी झोप लटकते."

हे वहिनी माझ्या कानापासून चार बोटांवर पुटपुटत होती. मी झोपलेय असं समजून. पण डोंगरात त्या उंचीवर झोप लागत नाही, नुसती दारात येऊन बघून जाते. रुंदशा फळीवर, दोन रजयांखाली आम्ही तिघी: भिंतीकडे माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, मधे आमच्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, आणि कडेला मी.

"मी जागी आहे," मी म्हटलं.

वहिनीनं मान वळवली. "मग दुसरा सूर कोणाचा?"

"तोही ताईचाच. बावीस वर्षं कारखान्याचं कॅन्टीन चालवलंय तिनं. एकटी दोघींचं काम करते."

झालं. रजईचा बोळा तोंडात कोंबून आम्ही दोघी हसायला लागलो, आणि फळी अशी हलायला लागली की ताईचे दोन्ही सूर बंद पडले. आमच्या वाटाड्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं: "वर गेल्यावर उगाच हसू येतं. फार यायला लागलं तर सांगा, खाली उतरू." तेव्हापासून आम्ही हसू लपवत होतो, कारण खाली उतरायचं नव्हतं.

उतरायचं नव्हतं, कारण ही आमची शेवटची सहल होती. ताईनं तसं जाहीर केलं होतं.

आधी सहलींचं सांगते. वहिनी पोस्टात आहे, माझं शिवणकामाचं दुकान. तेरा वर्षं झाली, दरवर्षी दहा दिवस आम्ही तिघी घरच्यांना फ्रिजमध्ये काय काय आहे त्याची यादी देऊन निघतो. बोटीनं गेलो, खेचरावरून गेलो, एकदा कोंबड्यांच्या टेम्पोतून गेलो. आणि जिथे जाऊ तिथे एक नियम: पहिला घास ताईचा. ती चाखणार, एक वाक्य बोलणार, मी ते वहीत उतरवणार, मगच आमची पानं हलणार. रोज तीनशे माणसांच्या आमटीची चव घेतलेली जीभ ती. एका बंदरावर तिनं माशाचा रस्सा चाखला आणि म्हणाली, "मासा चांगला आहे, पण त्याला कोणी विचारलेलंच नाही." एका बेटावरचा भात बघून, "हा नव्या नवरीसारखा अंग चोरून बसलाय." वाळवंटातल्या बसथांब्यावर नूडल्सचा पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "आचारी प्रेमात पडलाय. आलं दोनदा घातलंय." आम्ही आत जाऊन विचारलं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि आमच्याकडून चहाचे पैसे घेईना.

दीड वर्षापूर्वी ताईला पंधरा दिवस ताप आला. ताप गेला, ताई उठली, आम्ही पुन्हा फिरायला लागलो. पण वही काढून बघा. त्यानंतरच्या अकरा पानांवर काय आहे? "छान." "वेगळं." "चांगलं केलंय." "वेगळं, पण छान." आणि ताईनं एक नवा नियमही काढला: पहिला घास सगळ्यांनी एकदम घ्यायचा. आम्ही घास घेतला की ती चमच्यावरून आमच्या तोंडांकडे बघत राहायची.

काय झालंय ते मला दोन दिवसांत कळलं. वहिनीलाही कळलं असणार. पण ती माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी बोलले नाही. फक्त आमची तोंडं बोलायला लागली. कडू असलं की वहिनी ओठ मुडपायची. तिखट असलं की मी नाकाला रुमाल लावायची. आंबट असलं तर दोघींचा एकेक डोळा मिटायचा. आम्ही इतकं ठळक जेवायला लागलो की शेजारच्या टेबलावरची माणसं आपलं ताट सोडून आमच्याकडे बघायची. ताई आमच्याकडे बघून म्हणायची, "जरा आंबट आहे, पण छान." मी लिहायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग ताई म्हणाली, "यंदाचं शेवटचं. गुडघे ऐकत नाहीत."

या सहलीत ताई सगळ्यात पुढे चालत होती. आम्ही धापा टाकत चढ संपवायचो, तर ती वर दगडावर बसून आमच्यासाठी संत्री सोलून तयार. वाटाड्या पन्नाशीचा, बोलायला महाग. गुडघ्यांचं ऐकल्यावर त्यानं ताईच्या पायांकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "कुठले?" आम्ही ऐकू न आल्यासारखं केलं.

तर त्या सकाळी धुकं असं बसलं की दारापासून पाण्याचं पिंप दिसेना. खिंडीचा बेत उद्यावर गेला. ती दगडी खोली वाटाड्याचीच होती: एक चूल, एक खिडकी, एक फळी आणि खुंट्यांवर वाळत घातलेले आठ मोजे. मोजे आठच का, यावर आम्ही पाऊण तास हसलो. माणसं चार, हे लक्षात आल्यावर आणखी हसलो.

"आज मी करते," ताई म्हणाली. "शेवटच्या पानाला माझ्या हातचं सूप."

बटाटे, कांदे, मूठभर वाल. पातेलं चुलीवर चढलं. ताई मीठ नेहमी शेवटी घालते, तिच्या हाताचं माप कधी चुकलेलं नाही. तिथलं मीठ म्हणजे सुपारीएवढाले खडे, चुलीमागच्या डब्यात.

ताई पाणी आणायला पिंपाकडे गेली. मी मोज्यांची बाजू बदलायला उठले आणि जाता जाता पळीनं सूप चाखलं. अळणी. बटाटे शिजून गेले तरी मीठ नाही, म्हणजे विसरली, वाटलं. शेवटचं पान, आणि अळणी. हळूच एक खडा सोडला आणि येऊन वही घेऊन बसले, चेहरा साळसूद. थोड्या वेळानं वहिनी चुलीपाशी हात शेकायला गेली. तिला हात शेकायला फार वेळ लागला. मग वाटाड्या लाकडं सारायला वाकला. खडे जाडे, तळाशी बसून सावकाश विरघळणारे. वरचं पाणी चाखणाऱ्या प्रत्येकाला अळणीच लागणार, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? शेवटी ताई आली, डब्यात हात घातला, आपल्या मापानं मीठ घातलं, झाकण ठेवलं आणि दहा मिनिटं खळखळ उकळू दिलं.

चार वाट्या भरल्या. वाफेनं माझा चष्मा पांढरा झाला.

"हं," ताई म्हणाली. "एकदम."

आम्ही एकदम घास घेतला.

मी समुद्रात गटांगळी खाल्लेली बाई आहे. समुद्र इतका खारट नव्हता. जीभ आत वळून घशाकडे निघाली. आणि पहिला विचार आला तो हा: माझा खडा मोठा झाला. ताईचं शेवटचं सूप मी नासवलं. मग मी काय करणार? आयुष्यात कधी नव्हे असा कोरा चेहरा केला. शेजारी बघितलं तर वहिनीचा चेहरा त्याहून कोरा, पोस्टाच्या खिडकीवर पाटी उलटी लावल्यासारखा. वाटाड्या तर समोरच्या भिंतीसारखाच दिसत होता, फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं.

ताईनं माझ्याकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं. परत माझ्याकडे. कुठेच काही लिहिलेलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच आम्ही तिला उपाशी ठेवलं होतं.

"मीठ..." ती चाचपडत म्हणाली.

"बरोबर आहे," वहिनी म्हणाली.

"अगदी," मी म्हटलं.

वाटाड्यानं एक घोट घेतला, गिळला आणि म्हणाला, "आणखी असेल तर चालेल." सौजन्यानं माणूस मरू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

ताई सैलावली. "मग लिही," ती मला म्हणाली. "बेताचं मीठ, माणसाला आपली चव सापडू देतं."

वहिनीच्या नाकातून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग सूप आलं. मी तिच्याकडे बघायला नको होतं. वही मांडीवरून गेली, चष्मा वाटीत गेला, आणि मी फळीवर आडवी झाले. वहिनी पोट धरून म्हणत होती, "मी घातला होता एक खडा, मी घातला होता."

"मी पण," मी कशीबशी म्हटलं.

आम्ही दोघींनी वाटाड्याकडे बघितलं. त्यानं विचार केला आणि दोन बोटं वर केली.

मग काय राहिलं होतं? तो दाराबाहेर जाऊन ओणवा होऊन हसत होता, तांब्यातलं पाणी पीत होता आणि परत हसत होता. ताईही हसत होती, डोळे पुसत होती. खुंटीवरचा एक मोजा चुलीत पडला तरी कोणाला उठवेना. "आता सातच," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

हसू ओसरायला लागलं तेव्हा ताईनं विचारलं, अजून हसतच, "पण तुम्ही का घातलंत गं? बावीस वर्षांत माझ्या पातेल्याला कोणी हात लावला नाही."

"उंचीवर मीठ जास्त लागतं म्हणतात," वहिनी आपल्या बोटांकडे बघत म्हणाली.

"हवा विरळ असते ना," मी म्हटलं. वाटाड्या दारात उभा राहून मान हलवत होता, म्हणजे हवा विरळ आहे इतपत.

ताईनं वाटी तोंडाला लावली. ते खारट सूप शांतपणे, एका दमात, पाण्यासारखं पिऊन संपवलं. आम्ही बघत राहिलो. तिनं वाटी खाली ठेवली आणि फळीखाली गेलेली वही उचलून, झटकून माझ्या मांडीवर ठेवली.

"शेवटचं पान नाही, पुढचं काढ," ती म्हणाली. "आणि लिही. ताईला तापापासून कशाचीच चव लागत नाही. गुडघे ठणठणीत आहेत."