अंगठ्याला बांधलेली दोरी

मित्रांनो, मी जुना पाळणा बोलतोय. सध्या माझा मुक्काम माळ्यावर आहे. डोक्यावर तांदळाच्या रिकाम्या गोण्या, पोटात एक बंद पडलेला मिक्सर आणि शेजारी गणपतीच्या मखराचा थर्माकोल. मिक्सर फारसा बोलत नाही. थर्माकोल बोलतो, पण नुसतं कुचकुच. उद्या सकाळी मला इथून खाली काढून दुसऱ्या घरी नेणार आहेत, म्हणून आजच सगळं सांगून टाकतो. पाळण्यानं बोलायचं नसतं हे मला ठाऊक आहे. पण मी गप्प राहिलो तेव्हा काय झालं ते ऐकलंत, तर तुम्हीच म्हणाल, बोलला असतास तर बरं झालं असतं.

माझा जन्म डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचा. मला देवराम सुताराने घडवलं. माझं लाकूड आधी ग्रामसभेचा बाक होतं. त्या बाकावर बसून गावाने पंधरा वर्षं भाषणं ऐकली, त्यामुळे माणसाला झोप आणायचे संस्कार माझ्यावर लहानपणापासूनच होते. देवरामने माझ्या दोन्ही बाजूंना पोपट कोरायचं ठरवलं होतं. डावा पोपट झकास उतरला. उजव्याच्या वेळेला तो मध्येच चहाला गेला, आणि परत येऊन पाहतो तर पोपटाची कोंबडी झाली होती. तेव्हापासून मी एका अंगाने पोपट आणि एका अंगाने कोंबडी असा जगतोय.

मला बनवून घेतलं सकुबाईने, तिच्या ऋतिकसाठी. ऋतिक माझ्यात वर्षभर झोपला, पुढे रांगायला लागला आणि मी मोकळा झालो. आमच्याकडे पाळणा सहसा कुणी नवा घेत नाही. ज्या घरातली पोरं धडधाकट वाढली त्या घरातून मागून आणतात. मीही पाडोपाडी फिरलो. फिरण्याचे दोन नियम होते. पाळणा रस्त्याने रिकामा न्यायचा नाही, त्यात नारळ, तांदूळ, काहीतरी घालायचं. आणि दुसरा नियम, रिकामा पाळणा हलवायचा नाही. हलवला तर बाळाच्या जिवावर येतं म्हणतात.

एकदा मला रिक्षातून खर्डीला नेलं, पोटात एक भोपळा घालून. भोपळा घरंगळू नये म्हणून शेजारची बाई दर खड्ड्याला मला थोपटत होती. खर्डी येईपर्यंत भोपळा गाढ झोपला होता. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं शहाणं मूल मला पुन्हा मिळालं नाही.

गाव म्हणतं, या पाळण्यात अकरा पोरं वाढली, पाळणा लाभतो. मी मात्र बारा मोजतो. बारावी म्हणजे ऋतिकच्या पाठची सकुबाईची मुलगी. सव्वा महिन्याची होती. एक दिवस ती मागच्या पडवीत आजोळच्या माणसांच्या मांडीवर होती आणि सकुबाई माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिने सहज पायाने मला लोटलं. मी रिकामाच हललो. दारातून एका शेजारणीने ते पाहिलं. त्याच रात्री पोरीला ताप भरला. ओढ्याला पाणी होतं, जीप पलीकडे अडकली. तिसऱ्या दिवशी पोर गेली. दहाव्याला आलेल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या आणि मग सकुबाईकडे बघून गप्प झाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी सकाळीच पोरीचं अंग तापलेलं होतं. माझ्या फळीला चटका लागत होता. पण फळीला कोण विचारतो?

पंचवीसेक वर्षं गेली. ऋतिक मोठा झाला, वाशिंदच्या पुढे एका गोदामात रात्रपाळीला लागला. धसईच्या वैष्णवीशी त्याचं लग्न झालं. त्यांना मुलगी झाली, मनस्वी. मला नवा रंग मिळाला, माझ्या कोंबडीला नवे डोळे मिळाले, आणि मला परत माझ्या जुन्या तुळईला टांगण्यात आलं.

आता मनस्वीबद्दल. ती रात्री चाळीस मिनिटं झोपायची आणि दिवसा वीस. सलग, हो. मग उठायची, प्यायची, परत चाळीस मिनिटं. शेजारच्या हळदीत डीजे लागला, घराची कौलं थरथरली, तेव्हा ही बाई मस्त झोपलेली. पण वैष्णवीच्या ताटात भाकरी पडली रे पडली की त्या आवाजाने खडबडून जागी. तीन महिन्यांत वैष्णवीने गरम भाकरी खाल्ली नाही. एकदा तिने भाकरी पदरात गुंडाळून, आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून खाल्ली. मनस्वीने त्यातही तिला पकडलं.

सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. कुणी मीठमोहरी ओवाळली. कुणी सांगितलं, पाळण्याचं तोंड फिरवा. माझं तोंड फिरवलं. मग पोपटाच्या बाजूला कोंबडी आली, कोंबडीच्या बाजूला पोपट, आणि मनस्वी कोंबडीकडे बघून उठायला लागली.

"तुझ्या दुधातच जोर नाय गो," सकुबाई म्हणायची. "माझा ऋतिक कसा निजायचा! उठवायला लागायचा त्याला."

"अजून लागतो, आई," वैष्णवी म्हणायची. तेव्हा ती अजून हसून बोलायची.

आशा सेविका संजीवनीताई पोरीचं वजन करायला यायच्या. त्या म्हणाल्या, "पोरीचं वजन चांगलं भरतंय. एवढंसं पोट, भूक लागली की उठणारच. काही पोरं असतातच अशी, येईल हळूहळू रुळावर. गुटी-जायफळ काय द्यायचं नाय. मला सांगा, ही वैष्णवी झोपते कधी?"

सगळ्यांनी वजनाचा आकडा लक्षात ठेवला. शेवटचा प्रश्न कुणी ठेवला नाही.

ऋतिक वाईट नव्हता. सुटीच्या दिवशी तो म्हणाला, "आज तू झोप, मी निजवतो." त्याला एकही अंगाई येत नव्हती, म्हणून त्याने स्टेशनं म्हणायला घेतली. "खर्डी... तानशेत... आटगाव... आसनगाव..." वाशिंदला तो स्वतः झोपला. मनस्वी टिटवाळ्यापर्यंत वाट पाहत राहिली आणि मग रडली. वैष्णवी उठली.

तिच्याकडे एक धसईची युक्ती होती, तिच्या आईची. माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि खाली गोधडीवर आडवं व्हायचं. अंगठा ओढत राहतो, डोळे मिटतात. आठवड्याभरात तिचा अंगठा एकटाच काम करायला शिकला. वैष्णवी झोपेत असायची आणि अंगठा जागा. मित्रांनो, माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी तिला अंगठ्यावरून ओळखायला लागलो. नुसती दमलेली असली की ओढ लांब यायची. रडून झोपलेली असली की तुटक यायची. कधी कधी मला वाटायचं, मनस्वीला सोडून आपण हिलाच पोटात घ्यावं. पण माझ्या साखळ्या दहा किलोच्या पुढे तक्रार करतात.

मग भाताच्या झोडणीचे दिवस आले. दुपारची वेळ. मनस्वी माझ्यात, वैष्णवी खाली, अंगठ्याला दोरी. मनस्वी सकाळपासून कोमट होती. दुपारी मला चटका लागायला लागला. तोच चटका, पंचवीस वर्षांपूर्वीचा. मी करकरलो. जेवढं करकरता येतं तेवढं करकरलो. वैष्णवीला ती अंगाई वाटली असावी, ती आणखी गाढ झोपली.

तेवढ्यात सकुबाई खळ्यावरून पाणी प्यायला आली. मनस्वी किरकिरत होती. सकुबाईने सुनेकडे पाहिलं. तोंड उघडं टाकून, एक हात दाराच्या उंबऱ्यावर फेकून पोरगी मेल्यासारखी झोपली होती. सकुबाईला दया आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल. तिने चोरपावलांनी नातीला उचललं, "चल गो, आईला निजू दे," असं पुटपुटली आणि तिला खांद्यावर घेऊन खळ्यावर गेली.

अंगठ्याला हे कुणी सांगितलं नाही. तो ओढत राहिला. मी हलत राहिलो. रिकामा.

अर्ध्या तासाने सकुबाई परतली ती धावत. "पोरगी तापली गो! वैष्णवी! अंग बघ..." आणि दारातच थांबली. मी हलत होतो. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एकदाच पाहिलं होतं.

"रिकामा पाळणा हालवतेस?" ती किंचाळली. खळ्यावरची सगळी माणसं मागे गोळा झाली. "झोप तुला पोरीपरीस जास्त झाली? आई हायस का कोण तू?"

वैष्णवी उठून बसली. तिला काही कळेना. ती आधी पाळण्यात बघत राहिली, मग अंगठ्याकडे.

या वेळी जीप होती. शहापूरला दवाखान्यात पोचवलं, चार दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ होता, एकदोन दिवस आधीपासूनचा असेल, वेळेवर आणलंत. मनस्वी वाचली. डॉक्टरांचं अर्धं वाक्य सगळ्या गावाला कळलं, वेळेवर आणलंत. आधीपासूनचा, हे कुठेतरी डोळखांबच्या वळणावर गाडीतून पडलं असावं.

त्याच आठवड्यात माझ्या साखळ्या काढल्या आणि मला माळ्यावर टाकलं.

आता मनस्वी वर्षाची झालीय. चटईवर झोपते. रात्री नऊ वाजता आडवी होते ती सकाळी सहाला उठते. मध्ये भांडं पडलं तरी कूस बदलत नाही. भोपळ्यानंतर हीच.

वैष्णवी झोपत नाही. म्हणजे झोपते, चाळीस मिनिटं. मग उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरते. परत आडवी होते. परत उठते. मला वरून सगळं ऐकू येतं, माळ्याच्या तोंडातून दिसतंही. दिवसा तिच्या हातून काहीतरी व्हायला लागलंय. एकदा तिने मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला आणि तांदळाचं मापटं चार्जिंगच्या बटणाखाली. ऋतिक खूप हसला. तीही हसली. मग तो कामाला गेल्यावर ती त्या मापट्याकडे बराच वेळ बघत बसली. शेजारणी म्हणतात, "आता काय बाबा, पोरगी झोपते, तुझी मजाय!" संजीवनीताईंनी परवा विचारलं, "तू झोपतेस का गो?" ती म्हणाली, "झोपून काय करू, ताई? परत काय झालं तर?" ताई म्हणाल्या, शुक्रवारी शहापूरला चल, डॉक्टरांशी बोलू. वैष्णवी म्हणाली, बघू.

आणि आज दुपारी पलीकडच्या पाड्यावरची गोजर आली. तिला नातू झालाय, तिला पाळणा हवाय.

"तो लाभत नाय," सकुबाई म्हणाली.

"का गो? अकरा पोरं वाढली त्यात. आन तुझी नात काय रस्त्यावर वाढली?"

सकुबाईने शिडी लावली. गोजरला ओट्यावर बसवून मला बघायला शिडीवरून वर आली. माझ्यावरच्या गोण्या सरकवल्या. कोंबडीवरची धूळ पदराने पुसली. आणि माळ्याच्या तोंडातून तिची नजर खाली गेली.

खाली वैष्णवी खांबाला टेकून बसल्या बसल्या पेंगली होती. मनस्वी पलीकडे चटईवर. आणि वैष्णवीचा अंगठा हलत होता. त्याला दोरी नव्हती. दोरी इथे वर होती, माझ्या कडीला गुंडाळलेली. तरी तो ओढत होता, थांबत होता, परत ओढत होता.

सकुबाई शिडी उतरली. सुनेच्या पायाशी बसली. तिने तो अंगठा मुठीत धरला. अंगठा मुठीतही हलत राहिला. मग ती बोलली, इतक्या हळू की मला थर्माकोलला गप्प बस म्हणावं लागलं.

"मी पण नुसता पायानं लोटला व्हता गो. तांदूळ निवडत व्हते. पोरगी सकाळपासूनच तापलेली. मला म्हाईत व्हतं. मी कुणाला बोललेच नाय. लोक बोलले तेच धरून बसले. तुझी पण सकाळपासनंच तापलेली असंल. त्यात तू काय केलंस? तू झोपलीस. दमलेलीस, झोपलीस."

वैष्णवी दचकून जागी झाली. "काय झालं? मनस्वी?"

"हाय, हाय. हितंच हाय."

"मग? तुमी माझा पाय का धरलाय, आई?"

सकुबाईने मूठ सोडली. मी वर श्वास रोखला होता. लाकडाला श्वास नसतो, तरी रोखला होता.

"काय नाय," सकुबाई म्हणाली. "मुंगी व्हती." आणि डोळे पुसत बाहेर जाऊन गोजरला म्हणाली, "ने उद्या सकाळी. चांगलाय पाळणा. नारळ घालून ने पण."

वैष्णवीने अंगठ्यावर मुंगी शोधली. सापडली नाही. मग ती उठली आणि पोरीच्या नाकाखाली बोट धरलं.

तर मित्रांनो, मी उद्या जातोय. माझी चिंता करू नका, माझी कोंबडी अजून शाबूत आहे. एवढंच करा. घरात बाळ झोपलं की आई झोपली का तेही बघा. रिकामा पाळणा हलल्याने काही होत नाही. मी स्वतः पाळणा आहे, माझ्याइतका जाणकार तुम्हाला मिळणार नाही. आणि डोळखांबच्या बाजूला कधी आलात, तर खांबाला टेकून बसलेल्या त्या पोरीला सांगा, ताप सकाळपासूनच होता. पण ती जागी असताना सांगा. नाहीतर तिला परत वाटेल, मुंगी होती.