मध्यंतराच्या पुढचा सामना

"आईला अंतर देणार न्हाई म्हण. आन् मोठ्यानं म्हण, त्याला ऐकू जाऊ दे," भावकीतले चांगदेव आप्पा ज्ञानेशला म्हणाले.

डोक्याचा गोटा केलेला ज्ञानेश घाटाच्या पायरीवर हात जोडून उभा होता. समोर पत्रावळीवर भाताचे पिंड, लाडू, वडा आणि गेलेल्या बापाला, भिमाजीला, आवडायची म्हणून कांदाभजी. बाभळीवर कावळे तर ढीगभर जमले होते. माना वाकड्या करून खाली बघत होते, आपसात कलकलाट करत होते, पण एक म्हणून खाली यायला तयार नव्हता.

"आईला अंतर देणार न्हाई, आबा. सणसवाडीची खोली सोडतो. आपल्या राहू गावावरनंच कंपनीत जाऊन-येऊन करीन," ज्ञानेश मोठ्यानं म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत.

मग भिमाजीचा धाकटा भाऊ जयसिंग पुढं सरकला. बांधावरून दोघं भाऊ कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते. "दादा, बांधाचा विषय मिटला. तू म्हणशील तिथं बांध!" तो म्हणाला. जमलेल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. अहो, हयातीत हे ऐकायला मिळालं असतं तर भिमाजीनं गावभर पेढे वाटले असते! पण आता कुणाला काय त्याचं? कावळ्यांनी जयसिंगालाही दाद दिली नाही.

शिरूरला दिलेली लेक सारिका बोलली. प्रवचनकार महाराज बोलले. एका पुढाऱ्यानं माइकवरून श्रद्धांजली वाहताना भिमाजीचं नाव भीमराव करून टाकलं, तेव्हा तर कावळे आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसले.

शेवटी भिमाजीची बायको कस्तुराबाई उठली. पदर सावरून पत्रावळीजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, माझी काळजी करू नगा. मी ऱ्हाते नीट. जावा तुमी."

आता तरी, म्हणून सगळ्यांनी वर पाहिलं. काही नाही. गुरुजींना पुढं वरवंडला दुसरा दहावा होता, त्यांची चुळबुळ सुरू झाली. "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे तशी," ते म्हणाले.

"गवताचा कावळा?" कस्तुराबाईचा आवाज चढला. "गुरुजी, जरा दम धरा. माणूस कशात अडकलंय ते मला ठावं हाय."

तिला खरंच ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ते तिच्या मनात घोळत होतं, पण चारचौघांत बोलायची लाज वाटत होती.

भिमाजीला कबड्डीचं वेड, पण खेळता कधी आली नाही. चढाईला गेला की त्याला हसू फुटायचं. हसला की दम सुटायचा, दम सुटला की बाद. पोरांनी वैतागून त्याच्या हातात फक्कीचं घमेलं दिलं आणि सांगितलं, तू आपला मैदान आख. तेव्हापासून राहूच्या यात्रेतल्या सामन्यांचं मैदान भिमाजीच आखायचा. दोरी लावून, वाकून, पांढऱ्या रेषा ओढत. सामना सुरू झाला की कोपऱ्यात उकिडवा बसायचा आणि रेषेला पाय लागला की ओरडायचा, "टच!" खेळणारा भाचा असो नाहीतर सख्खा भाऊ, टच म्हणजे टच. जयसिंगाशी बिनसलं ते बांधावरून असं लोक म्हणतात, पण सुरुवात अशाच एका टचवरून झाली होती.

पुढं मॅट आल्या, रेषा छापूनच यायला लागल्या. भिमाजीला कुणी बोलवेना. वर्ष-दोन वर्षं तो यात्रेत नुसता हात मागे बांधून फिरला. त्याचं ते फिरणं ज्ञानेशला बघवेना, म्हणून त्यानं घरच्या टीव्हीवर 'रंगशिवार' घेऊन दिलं. मराठी मालिका, सिनेमे आणि कबड्डी, सगळं त्या एकाच ॲपवर. झालं! घरात रोज संध्याकाळी कस्तुराबाईची मालिका आणि भिमाजीचा सामना यांची जुंपायला लागली.

"तुझी ती सून कुठं पळून जात न्हाई, उद्या बी रडंल," भिमाजी म्हणायचा. "माझं लाईव्ह हाय." संपलेला सामना पुन्हा बघायला त्याला चालायचा नाही. त्याला तो शिळा म्हणायचा.

अंतिम सामना होता त्या दिवशी तो दुपारपासूनच टीव्हीसमोर बसला होता. आपल्या भागाचा संघ, त्यात वरवंडचा पृथ्वीराज. हे पोरगं भिमाजीनं आखलेल्या मातीवरच धडपडत शिकलं होतं. मध्यंतराला आपला संघ जरा मागं होता. "काय न्हाई, फिरवतंय बघ पोरगं," भिमाजी म्हणाला. "च्या टाक." ती चहा घेऊन आली तोवर त्याची मान खुर्चीच्या पाठीवर पडली होती. टीव्हीवर जाहिराती चालल्या होत्या.

"सामन्याचं काय झालं त्यांना कुठं ठावं हाय?" कस्तुराबाई आता सगळ्यांना म्हणाली. "मला बी ठावं न्हाई. ज्ञानेश, काय झालं रं?"

ज्ञानेशनं मान खाली घातली. "आपली टीम हरली, आई. एका गुणानं."

मग चांगदेव आप्पा तिच्या जवळ आले. "वैनी, जिंकली म्हणून सांगा. त्याला कुठं कळतंय?"

"आप्पा, सख्ख्या भावाला बाद दिला त्यांनी. त्यांच्याम्होरं मी लबाड बोलू व्हय?" ती म्हणाली. "लाव रं ते मोबाईलवर. मध्यंतरापासनं लाव."

"शिळा सामना आबांना चालायचा न्हाई," ज्ञानेश पुटपुटला.

"त्यांच्यासाठी ताजाच हाय त्यो."

ज्ञानेशनं 'रंगशिवार' उघडलं. जयसिंगानं महाराजांपुढचा माइक उचलून मोबाईलला लावला आणि नदीच्या दोन्ही काठांवर घुमलं, "मध्यंतरानंतरच्या खेळाला सुरुवात! चढाईला पृथ्वीराज!" गुरुजी कपाळाला हात लावून बसले. पण माणसं हळूहळू मोबाईलभोवती गोळा झाली. दहाव्याला आलोय हे विसरली. निकाल सगळ्यांना माहीत होता, तरी "धर, धर!" सुरू झालं. पुढारी तर चक्क खाली बसले. मध्येच नेटवर्क अडकून चित्र थांबलं, तेव्हा जयसिंग मोबाईलवर असा खेकसला की जणू पुन्हा बांधाचंच भांडण!

शेवटची चढाई पृथ्वीराजची. एक गडी मारून तो वळला, झेपावला आणि मध्यरेषेच्या अलीकडं त्याला चौघांनी दाबला. हात लांबवला होता बिचाऱ्यानं, पण बोटभर कमी पडला. शिट्टी वाजली.

कस्तुराबाई पत्रावळीपाशी आली. "अवो, ऐकलंत का? हरली," ती म्हणाली. "पोरगं लई झुंजलं, पण रेषेला हात पोचला न्हाई. मी नीट बघितलंय. पकड खरी व्हती."

बाभळीवरून एक कावळा उतरला. दोन उड्या मारत आला, पिंडाला चोच लावली आणि भजी उचलून गेला. मागोमाग बाकीचे उतरले.

"शिवला! शिवला!" घाटावर एकच गलका झाला. ज्ञानेश बापाच्या नावानं हंबरडा फोडून जयसिंगाच्या गळ्यात पडला. "सुटला भिमाजी," चांगदेव आप्पा डोळे पुसत म्हणाले. गुरुजींनी भराभर मंत्र आटोपले आणि माणसं जेवणाच्या मांडवाकडं निघाली.

कस्तुराबाई पायरीवरच बसून राहिली. कावळे पत्रावळ ओढत होते. सारिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, चल. झालं ना तुझ्या मनासारखं?"

"व्हय, झालं." ती पत्रावळीकडं बघत राहिली. मग एकदम तिचा हुंदका फुटला. "निकाल सांगायलाच नको व्हता गं सारिका. मध्यंतरालाच बंद ठेवला असता, तर थांबलं असतं माणूस अजून."

सारिका आईच्या शेजारी पायरीवर बसली.