पेडलवरचा अनवाणी पाय

गॅरेजच्या आवारात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो होते, मोटारी होत्या, एक पाण्याचा टँकर होता, आणि कोणा भाविकाने तर घरचं शिलाई मशीनही खांद्यावर टाकून आणलं होतं. या सगळ्या रोग्यांच्या मधोमध एक डिझेल पिकअप उभी होती. तिच्या बोनेटला स्टेथोस्कोप लावून नाडीबाबा डोळे मिटून ऐकत होते.

"श्श! बोलतेय ती," बाबा म्हणाले.

"काय म्हणतेय?" टँकरवाल्याला राहवलं नाही.

"नाभीत ऊर्जा अडलीय. कंपनं उलटी फिरतायत."

गाडीची नाभी नेमकी कुठे असते, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

पिकअप होती बर्फवालीची. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या आणि मासळीवाल्यांपासून इस्पितळापर्यंत पोचवायच्या, हे तिच्या वडिलांचं, अप्पांचं काम. अप्पा गेले आणि ते तिच्याकडे आलं. काम तिला आवडायचं, जमायचंही. पण अलीकडे गाडीला एक विचित्र दुखणं जडलं होतं. इंजिन चालू असायचं आणि अचानक पेडल पायाखाली मेल्यासारखं व्हायचं. कितीही दाबा, गाडी रेसच घ्यायची नाही. समोर एक दिवा लागायचा आणि मागे बर्फ वितळत बसायचा. हे रोज होत नसे, पण व्हायचं ते बहुतेक एकाच ठिकाणी. कारखान्याच्या फाटकात, गटाराच्या लोखंडी जाळीवरून चाक गेलं की. आणि अप्पांच्या छातीत शेवटची कळ आली ती याच फाटकात.

"खाली उतर," बाबांनी हुकूम सोडला. "चावी बंद कर. काढ. माझ्या तळहातावर ठेव. आता कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ नका."

बाटलीतलं पाणी बोनेटवर शिंपडलं गेलं. बाबा बराच वेळ पुटपुटले. मग त्यांनी चावी परत दिली. बर्फवालीने गाडी सुरू केली, भीत भीत पेडल दाबलं, आणि इंजिन असं गरजलं की शिलाई मशीनवाल्याने जागच्या जागी हात जोडले.

"पण हे तात्पुरतं आहे," बाबा आवाज खाली आणून म्हणाले. "त्या पेडलवर एक पाय आहे. गेलेल्या माणसाचा. उजवा पाय. अनवाणी."

बर्फवालीने पेडलवरचा पाय चटकन मागे घेतला. अप्पा गाडीत बसले की उजव्या पायातली चप्पल काढून सीटमागे सारत. उघड्या तळव्याला इंजिन कळतं, म्हणत. हे या बाबाला कुठून ठाऊक असणार?

"त्यांना तू गाडी चालवलेली नको आहे, मुली. ज्याच्यावर त्यांचा जिवापाड विश्वास होता, त्याच्या हाती चावी दे. नाहीतर पुढच्या वेळी गाडी उतारावर थांबेल."

सगळ्या माना गॅरेजच्या मालकाकडे वळल्या. मिस्त्रीकाका, अप्पांचे तरुणपणापासूनचे दोस्त. काका तेलकट फडक्याला हात पुसत खाली बघत होते.

"मला कशाला हा घोर?" काका म्हणाले. "पण अप्पाचीच इच्छा असेल, तर नाही कसं म्हणू? गाडी इथे राहील. तूही इथेच ये पोरी, काउंटरवर बस. उन्हातान्हात फिरायला नको." बाबांची पुढची बैठक रविवारी होती. तेव्हा चावी द्यायची, असं ठरलं.

या काकांनीच तिला गाडी शिकवली होती. फ्रॉक घालायच्या वयात तिला गाडीखाली झोपवून नटबोल्ट दाखवले होते. "दोष सापडला की आधी ठिपका, मग दुरुस्ती," हे त्यांचं ठरलेलं. पांढऱ्या रंगाची छोटी कुपी कायम खिशात असायची. हातातलं काम सोडून दुसरीकडे जावं लागलं, तरी परत आल्यावर जागा शोधावी लागत नाही, म्हणत. तिच्या लेखी काकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

घरी येऊन ती मावशीपुढे ढसाढसा रडली. मावशी शाळेत विज्ञान शिकवायची.

"गाडीचं दुःख नाही गं. पण अप्पांना मी नको होते, हे मला आयुष्यभर कळलंच नाही. तोंडावर 'शाबास' म्हणायचे आणि मनात हे?"

मावशीने तिला रडू दिलं. मग विचारलं, "गाडी थांबली की तू स्वतः काय करतेस?"

"काही नाही. काकांना फोन करते. काका म्हणालेत, चावीला हात लावायचा नाही, आतला संगणक जळेल. मग ते बाबांना घेऊन येतात."

"आणि बाबा काय करतात?"

"आधी चावी काढायला लाव..." बर्फवाली बोलता बोलता थांबली.

"तू काढलीस की संगणक जळतो आणि त्यांच्या सांगण्यावरून काढलीस की गार राहतो? फार शिस्तीचा दिसतोय." मावशीने पदर खोचला. "हे बघ, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण एवढं कळतं, की चार औषधं एकदम दिली तर गुण कशाचा आला ते समजत नाही. एकेक काढून बघायचं. चल."

भर दुपारी दोघी कारखान्याच्या फाटकाशी गेल्या. जाळीवरून जा, वळून ये, पुन्हा जा. पहारेकऱ्याला वाटलं, या बायकांना उन्हाचा त्रास झालाय. अखेर गाडीने मान टाकली. पहिल्यांदा त्यांनी पाणी वगळलं. मावशी पुटपुटली, चावी काढली, परत लावली. गाडी चालू. पुन्हा जाळी, पुन्हा बंद. या वेळी पुटपुटणं वगळलं. गाडी चालू. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर सगळं यथासांग केलं, पाणी शिंपडलं, मौन पाळलं, मावशीने स्टेथोस्कोपच्या जागी स्टीलचा पेलाही लावला. फक्त चावीला हात लावला नाही. गाडी ढिम्म.

"म्हणजे नुसती चावी?" बर्फवालीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही.

"नुसती चावी. आता मला सांग, हे पेडल दाबल्यावर आत काय होतं?"

ते बर्फवालीला ठाऊक होतं. काकांनीच शिकवलं होतं. जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत एक तार ओढली जायची. या गाडीत पेडल फक्त विजेचा निरोप पाठवतं, तोही दोन वायरींनी. संगणक दोन्ही निरोप ताडून बघतो. जुळले नाहीत तर तो कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि इंजिन नुसतं संथ चालू ठेवतो. चावी बंद करून पुन्हा लावली की तो तपासणी नव्याने करतो. तेवढ्यात वायर जागेवर आली असेल, तर सगळं आलबेल.

"मग वायर बघ की," मावशी म्हणाली.

चावी काढून पुन्हा लावली आणि बर्फवाली डॅशबोर्डखाली पाठीवर झोपली. मावशीने पेडल दाबून धरलं. वायरींचा एकेक जुडगा हलवता हलवता एका ठिकाणी इंजिनाची रेस एकदम पडली आणि दिवा लागला. तिथे एक वायर लोखंडी पट्टीला घासून सोलली गेली होती. आतलं तांबं चमकत होतं. जाळीवर धक्का बसला की ते पट्टीला टेकायचं. एवढंच होतं भूत!

मावशी आनंदाने काहीतरी म्हणाली. बर्फवालीला ते ऐकू आलं नाही. सोललेल्या जागेच्या शेजारीच, वायरीच्या काळ्या आवरणावर, एक ठिपका होता. पांढरा, नेटका, वाळलेला.

काकांना दोष कधीच सापडला होता. त्यांनी ठिपका दिला होता आणि दुरुस्ती केली नव्हती. मग उजवा पाय, तोही अनवाणी, हे बाबाला कोणी सांगितलं, तेही तिला झोपल्या झोपल्या कळलं. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. बाहेर येण्यासारखं काही उरलं नाही, असं तिला वाटत होतं.

रविवारी आवार पुन्हा गच्च भरलं. बर्फवाली पिकअप घेऊन आली. तिने डॅशबोर्डखाली हात घालून वायर पट्टीला टेकवली आणि इंजिनाची रेस पाडून दाखवली. मग वायर सोडली, चावी काढून स्वतःच्या तळहातावर ठेवली आणि खणखणीत आवाजात सत्तावीसचा पाढा म्हटला. चावी लावली. इंजिन गरजलं.

गर्दीत खसखस पिकली. बाबा मात्र मुरलेले होते.

"पाहा! माझी शक्ती हिच्यात उतरली!"

"मग तुमच्यात थोडी उरली असेल, तर आता चावी न काढता चालू करून दाखवा," असं म्हणत तिने पुन्हा रेस पाडली आणि वायर सोडली.

बाबांनी पाणी शिंपडलं. मंत्र म्हटला. घाम पुसला. शिलाई मशीनवाला म्हणाला, "महाराज, पाढा म्हणून बघा." मग जो हशा उसळला, त्यात नाडीबाबांची नाडी सुटली. त्यांनी काकांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"काका, इकडे या. खाली वाकून बघा. हा ठिपका कोणाचा?"

काका वाकले नाहीत. फडक्याने पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिले.

"पोरी, तुझ्या भल्यासाठीच... एकटी बाई, एवढी गाडी... माझ्याकडे नीट राहिली असती..."

"गाडी मागायची होती तर तोंडाने मागायची, काका. कदाचित दिलीही असती. तुम्ही माझे अप्पा माझ्यापासून तोडलेत. गाडी थांबली की मी मेलेल्या बापाची माफी मागत होते आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघत होतात."

बर्फवाली गर्दीकडे वळली.

"गाडी अडली तर वायर बघा. माणूस अडला तर डॉक्टर बघा. आणि कोणी तुमच्या घरातली गुपितं सांगून चमत्कार दाखवला, तर आधी एवढंच विचारा, की याला हे सांगितलं कोणी? उत्तर वरून येत नाही. ते आपल्याच उंबरठ्याच्या आतून आलेलं असतं."

तिने तिथेच वायर नीट केली, टेप गुंडाळली आणि पट्टीपासून दूर बांधली. मग उजव्या पायातली चप्पल सीटमागे सारून ती निघाली. कारखान्याच्या फाटकात चाक जाळीवर आदळलं. तळव्याखाली इंजिन तसंच थरथरत राहिलं, रेस तुटली नाही. दोष तिने स्वतः शोधला होता, स्वतः दुरुस्त केला होता. असं काही जमलं की ती सगळ्यांत आधी मिस्त्रीकाकांना फोन करायची. सवयीने तिने फोन हातात घेतलासुद्धा.