नावाआधीचा 'कै.'

काळाचौकीच्या त्या चाळीत माणूस मेला की आधी डॉक्टर येतो, मग शामराव तिर्लोटकर. डॉक्टर सांगतो माणूस गेला, आणि शामराव सांगतात कुठे गेला. जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचं काम गेली पस्तीस वर्षं त्यांच्याकडे. गिरणी बंद पडल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी पोट भरलं, त्यामुळे अक्षर असं की बघत राहावं. मेलेल्याच्या गळ्यात तुळशीची माळ असली की 'वै.', म्हणजे वैकुंठवासी. नसली की 'कै.', कैलासवासी. यात शामरावांनी कधी डोकं खाजवलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, आनंदीबाई, तेव्हाही त्यांनी स्वतःच्या हाताने 'कै. सौ.' लिहिलं, आणि लिहिलं म्हणजे ती तिथे आहेच, असं धरून चालले. रोज संध्याकाळी चहा घेताना तिच्याशी बोलायचे. आमटीत मीठ जास्त पडलं, तर तेही सांगायचे.

आणि आज सीताराम मेस्त्री गेला होता. सकाळी साडेसहाला मोरीत दात घासता घासता खाली बसला, तो उठलाच नाही. शामरावांचा बालमित्र. एका गिरणीत कामाला, एका संपात उपाशी, एका मजल्यावर संसार. फरक एवढाच, की सीताराम लाल बावट्याचा माणूस, देवाचं नाव काढलं की अंगावर यायचा. आणि भांडखोर! मतदार यादीत त्याच्या आडनावाची वेलांटी चुकली, तर हा बाबा वॉर्ड ऑफिसात तीन खेपा घालून साहेबाचं डोकं उठवून आला. वाद अर्धा राहिला, तर रात्री दार ठोठावून तो पुरा करायचा. हरणं त्याला ठाऊक नव्हतं आणि गप्प बसणं तर त्याच्या रक्तातच नव्हतं.

आनंदीबाई गेल्या तेव्हा फळ्यासमोर उभा राहून हाच म्हणाला होता, "शाम्या, कैलास चायनात असा. वैनीक पासपोर्ट केललंस काय?"

शामरावांनी त्याला पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही. सोळाव्या दिवशी सीताराम स्वतःच बायकोला घेऊन आला, हातात बांगड्यांची पिशवी. बांगड्या म्हणजे मासे, बरं का. "चुकलंय," म्हणाला. आणि ते एक वाक्य संपायच्या आत लगेच दुसरा वाद काढला. "पण माझ्या नावाआधी ता 'कै.' लावायचा नाय. आवशीन जल्मापासून 'मेल्या' म्हणान हाक मारली. खरोखर मरतलंय तेव्हा 'मेले' असाच लिही. दी वचन." शामरावांनी हातावर हात दिला. तेव्हा वाटलं, देऊ या, बघू पुढचं पुढे.

ते पुढचं आता नाकासमोर येऊन उभं होतं.

साडेसात वाजले होते. माणसं डबे घेऊन कामाला निघाली होती आणि फळ्याजवळ थबकत होती. चाळ कमिटीचा सेक्रेटरी विकास फोन काढून मागे उभा. "काका, आटपा जरा. अकराला नेणार आहेत. फोटो ग्रुपवर टाकला की सगळ्यांना कळेल."

शामरावांनी फळा ओल्या फडक्याने पुसला. मधोमध नाव लिहिलं, 'सीताराम विठोबा मेस्त्री'. पुढे 'आज सकाळी'. पुढे 'मे' लिहिला, आणि हात थांबला. घाम फुटला हो माणसाला, सकाळच्या थंडीत. दोन अक्षरांचा तर शब्द! पण तो लिहिला की सीताराम मेला. नुसता मेला, कुठेही न जाता. आणि साठ वर्षं शेजारी राहिलेला सीताराम जर कुठेच जात नसेल, तर आनंदी कुठली कैलासात? मग ती पण तशीच. आणि मग चार वर्षं संध्याकाळी आमटीच्या मिठाचं ऐकतंय कोण?

हा विचार त्यांना आजवर शिवला नव्हता. आता आला तो छातीवर बसला. त्यांनी तो 'मे' पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, उठले, रस्त्यापर्यंत जाऊन परत आले. विकास बघतच राहिला.

आणि परत येताना शामरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समजा, सीताराम कुठेच नाही. मग दिलेलं वचन मोडलं तर रागावणार कोण? कुणी नाही. आणि समजा, तो कुठेतरी आहे. मग नावाआधी 'कै.' बघून तो गप्प बसेल? शक्यच नाही! वेलांटीसाठी तीन खेपा घालणारा माणूस तो. कैलास असो, नरक असो, तिथलं दार तोडून भांडायला येईल. आणि तो आला, काहीही करून आला, की झालं. सीताराम आहे म्हणजे आनंदी पण आहे.

त्यांनी खडू उचलला तो सपासप चालवला. वर 'ॐ' काढला. नावाआधी ठसठशीत 'कै.' 'आज सकाळी'च्या पुढे 'कैलासवासी झाले.' खाली 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो.' सीतारामला ज्याची ज्याची चीड होती ते एक सोडलं नाही. ॐला नक्षीसुद्धा केली.

"वा काका, एकदम शोभून दिसतंय," विकास म्हणाला आणि त्याने फोटो टाकला.

शामराव फळ्याकडे बघत पुटपुटले, "आता बघतंय, कसो येणा नाय तो."

अकरा वाजता सीतारामला खाली आणलं. मागोमाग त्याची बायको ललिता फाटकापर्यंत आली. तिने फळा वाचला, शामरावांकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. शामरावांनी मान खाली घातली खरी, पण कान उभे होते.

पुढचे चार दिवस त्या माणसाच्या पायाला भिंगरी. घरात बसवेना, बाहेर करमेना. खुर्ची आणून फळ्यासमोर बसायचे, पाच मिनिटांनी उठायचे. आनंदीबाईंशी बोलणं तर बंदच झालं. चहाचा कप हातात घेऊन ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. आधी पक्कं कळू दे, मग बोलू, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फळ्यावरची ट्यूब फडफडायला लागली. शामराव ताडकन उठले. "इलंस? बोल, बोल!" ट्यूब विझली, पेटली, विझली. विकासने स्टूल आणून स्टार्टर बदलला आणि ती बिचारी निमूट जळत राहिली.

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. दुपारी जिन्यावरून हाक आली, "शाम्या! ए शाम्या!" जगात त्यांना शाम्या म्हणणारा एकच माणूस होता. त्र्याहत्तर वर्षांचे शामराव दोन दोन पायऱ्या टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचले, छाती भात्यासारखी. वर गंगूबाई सुरमईचं डोकं हातात धरून आपल्या बोक्याला हाका मारत होत्या. "काळ्या! ए काळ्या!"

"काय झालं शामराव? मासा हवाय का?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. हसायला आलं नाही, रडायलाही आलं नाही. नुसता राग आला, सीतारामचा. एवढं भांडलास आयुष्यभर, बारीक सारीक गोष्टीवरून जीव खाल्लास, आणि आता जेव्हा हवा आहेस तेव्हा तोंड शिवून बसलास काय?

चौथा दिवस असाच गेला. काही म्हणजे काही झालं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आली ती ललिता. दूध आणायला खाली उतरली होती. पिशवी कठड्यावर आपटली आणि फळ्याकडे बोट दाखवून तिने सुरुवात केली.

"भावजी, पाच दिवस मी गप्प बसले. म्हटलं, म्हातारा माणूस, चुकला असेल. पण चूक अशी नक्षी काढून कोण करतं? ह्यांनी तुमच्याकडून वचन घेतलं होतं. मी होते तिथे, चहा मी केला होता! दहावं नको, तेरावं नको, सगळं मी ऐकलं. भावाने बोल लावला, नणंदेने बोल लावला, तरी ऐकलं. आणि तुमच्यावर एक शब्द सोपवला होता, एक, तेवढा तुम्हाला जड झाला?"

शामराव तिच्या तोंडाकडे आ वासून बघत होते. तो आवाज, ती बोटं नाचवणं, वाक्याच्या शेवटी तो चढता सूर. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "हे तुम्ही बोलताय, की तो बोलतोय?"

ललिता थांबली. "म्हणजे?"

मग शामरावांनी सगळं सांगितलं. कैलासाचं, वचनाचं, ट्यूबचं, बोक्याचंसुद्धा. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ते येडचापपणाचं वाटायला लागलं, पण थांबता येईना. "म्हटलं, तो भांडायला आला तर आनंदीचा पत्ता लागेल. दुसरं काय करणार होतो मी? कुणाला विचारणार?"

ललिता जिन्याच्या पायरीवर बसली. तिचा राग उतरला होता.

"मीच बोलतेय, भावजी," ती म्हणाली. "पन्नास वर्षं ऐकलं ना त्यांचं, आता तसंच येतं तोंडात. ते नाही आले. मी पण वाट बघितली. रोज पहाटे मोरीतला नळ वाजतोय का म्हणून कान देऊन पडते. नाही वाजत."

"मग आनंदी?"

हा प्रश्न त्यांनी चार वर्षांत कुणालाही विचारला नव्हता. ललिताला काहीतरी बरं सांगता आलं असतं. आनंदीबाई तिची जिवाची मैत्रीण, दोघींनी एका पाट्यावर वाटण वाटलेलं. पण ती म्हणाली, "मला नाही माहीत. खोटं कशाला सांगू? पण शब्द तुम्ही दिला होतात. ते ऐकायला असोत नाहीतर नसोत, तुम्ही तर आहात ना इथे?"

शामराव उठले. फडकं ओलं केलं. 'ॐ' पुसला, सद्गती पुसली, 'आज सकाळी कैलासवासी झाले' पुसलं. नावाआधीचा 'कै.' पुसताना हात जरा रेंगाळला, पण पुसला. मग खडू घेऊन शांतपणे, पाटी रंगवताना लिहायचे तसं, एकेक अक्षर नीट बसवत लिहिलं, 'मेले'.

ललिताने मोठ्याने वाचलं. "सीताराम विठोबा मेस्त्री मेले." एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचायला गेली आणि शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फुटला. तिरडी बांधणाऱ्यांना चहा देणारी, पाच दिवस आल्या-गेल्याशी नीट बोलणारी ती बाई गुडघ्यांत डोकं घालून ओक्साबोक्शी रडायला लागली.

शामराव तिच्या शेजारी टेकले. तिची समजूत काढावी म्हणून तोंड उघडलं, तर त्यांचाच हुंदका बाहेर आला. आनंदीबाई गेल्या त्या दिवशी डोळे पुसून त्यांनी फळा लिहिला होता आणि तेव्हापासून ते रडलेच नव्हते. तिथे आहे म्हटल्यावर रडायचं कशाला? आता ते रडले, भर सकाळी, कामाला निघालेल्या माणसांसमोर, लाज सोडून. "आनंदी मेली गो वहिनी," म्हणत राहिले, "माझी आनंदी मेली."

गंगूबाई भाजीची पिशवी घेऊन जिना उतरत होत्या, त्या दचकून मधेच थांबल्या. "अगो बाय! आता आणि कोण गेलं?"

ललिताने पदराने तोंड पुसलं, बाजूला सरकून त्यांना वाट करून दिली.

"नवीन कुणी नाही," ती म्हणाली. "आमचीच दोघं, जुनी."