ओहायोच्या गव्हर्नरले अर्ज

तीस वर्षं मी कचेरीसमोर लोकायचे अर्ज लिहिले. तलाठी ऐकत नसंल त तहसीलदारले, तोही ऐकत नसंल त कलेक्टरले, अन् खाली प्रती साऱ्यायले. नत्थूजीचा अर्ज वाया जात नाही, असं सावनेरपर्यंत लोक म्हणत. अन् माह्याच घरी दोन वर्षांपासून पोराची चिठ्ठी नव्हती.

लहानू माहा एकुलता एक. इंजिनिअर होऊन अमेरिकेत ओहायो राज्यात गेला. त्याची माय प्रयागबाई वारली तेव्हा मी तार केली. त्याचं एक पत्र आलं, मंग काहीच नाही. घर खायले उठे. पोस्टमन गल्लीत दिसला का मी उगाच दारात जाऊन उभा राहो.

शेवटी थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाले अर्ज लिहिला, का लहानूले बापाशी पत्रव्यवहार ठेवायची समज द्यावी. प्रत गव्हर्नरले. टपालात टाकायच्या आधी शेजारच्या श्रीधर मास्तराले दाखवला. तो कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. हासला नाही बिचारा. म्हणे, तिथं राज्यं आधी झाली, केंद्र मागून. राज्यायनं थोडे अधिकार वर दिले, बाकीचे आपल्यापाशी ठेवले. गव्हर्नरले लोक निवडून देतात, वॉशिंग्टनवाला त्याचा साहेब नाही.

"बदली त करू शकत असंल ना?" मी विचारलं.

"नाही गा नत्थूजी. बदलीही नाही."

मले पटलंच नाही. बदलीचा धाक नाही, त राज्य चालते कसं? मास्तरानं आणखी सांगितलं, का तिथं एकट्याचं कोणी ऐकत नाही. शेतकरी, डॉक्टर, कारखानदार, सारे आपापला गट बांधतात अन् निवडून दिलेल्यायच्या मागं लागतात.

म्हटलं, आपणही गट बांधू. अमेरिकेत पोरं असलेल्या बापायचा. गावातले चंपतराव अन् मनोहरराव, दोघायचेही पोरं तिकडंच. त्यायच्याकडं गेलो. दोघायनंही चहा पाजला अन् सांगितलं का आमचा पोरगा दर महिन्याले लिहिते. चंपतरावची बायको सुमती हे ऐकून डोळ्याले पदर लावत आत निघून गेली. लबाड बुढे! सही कोणीच केली नाही. गटात अध्यक्ष मी, सभासदही मीच.

राष्ट्राध्यक्षाचं नाव खोडून अर्ज गव्हर्नरलेच धाडला. तीन महिन्यानं त्याच्या कार्यालयाचं उत्तर आलं. हा घरगुती मामला, यात राज्याले काही करता येत नाही, पण आपलं पत्र आपल्या मुलाकडं पाठवलं आहे.

आठ दिवसांनी लहानूचं पत्र आलं. पानभर राग होता. ऑफिसात माहं हसं झालं, तुम्हाले काही समजते का, अन् शेवटी, "बाबा, पुन्हा कोणाले लिहिलं त मी पत्ता बदलीन."

मी ते तीनदा वाचलं अन् रडलो. पोरगा पानभर बोलला होता माह्याशी.

चूप बसलो त तोही चूप बसंल, हे मले समजत होतं. दुसऱ्या दिवशी ओहायोनं वॉशिंग्टनले निवडून धाडलेल्या सिनेटरच्या नावानं कागद घेतला. पत्ता बदलायच्या आधी शिव्या द्यायले तरी एक पत्र लिहील.