शेठ म्हणाले नाहीत

“हा शेवटचा अर्ज कोणाचा?” योगराज शेठनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

“माझा,” प्रज्ञा म्हणाली.

शेठ हसले. मग पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. त्यांचा केळी निर्यातीचा धंदा. चोपड्याच्या पॅकहाऊसवर त्यांना ऑपरेशन मॅनेजर हवा होता. जाहिरात प्रज्ञानेच टाइप केली, पेपरला पाठवली, आलेले सात अर्ज फाइलला लावले, आणि आठवा स्वतःचा लावून मोकळी झाली.

“अगं, तू माझी असिस्टंट. तिकडे चीक, चिखल, मुकादमांची तोंडं. कशाला ही नसती उठाठेव? आणि तू गेलीस तर इथे माझं कोण बघेल?”

हे आलंच शेवटी! जळगावच्या त्या ऑफिसात अकरा वर्षं तिने शेठचं सगळं पाहिलं होतं. डॉक्टरची वेळ, मुंबईचं तिकीट, मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्याचा अहेर. आणि कंटेनर कुठे अडला की ड्रायव्हर, शेतकरी, मुकादम अशा सगळ्यांना फोन लावून तो सोडवायचा, हेही तीच करायची. चार वर्षांत तीन मॅनेजर आले नि गेले. गाडा ओढायचा प्रज्ञाने आणि मिरवायचं दुसऱ्याने. तिला त्याची चीड यायची, आणि ती चीड लपवणं तिने आता सोडून दिलं होतं.

“दोन महिन्यांत तुमच्यासाठी दुसरी तयार करून देते, शेठ. पण हे काम मला पाहिजे.”

शेठनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. “ठीक आहे. मंगळवारचा कंटेनर तुझा. पंधराशे चाळीस खोकी. एक जरी कमी भरलं, तर गुमान इथे येऊन बसायचं. कबूल?”

“कबूल.”

मंगळवारी दुपारपर्यंत दोन बागा कापून झाल्या, पण प्रज्ञाच्या डोक्याचं पार भुस्कट झालं होतं. कापणीच्या टोळीचा मुकादम अभिमन. वीस वर्षं केळीत काढलेला गडी. ती काहीही बोलली की हा खिशातून फोन काढायचा. खोकी सावलीत ठेवा म्हटलं, लावला शेठना फोन. घड गोणपाटावर टेकवा म्हटलं, पुन्हा फोन. पलीकडून शेठही मजेत उत्तरं देत होते.

तिसरी बाग लीलाधर नानांची. शेठच्या घराशी त्यांचा दोन पिढ्यांचा घरोबा. टोळीने चार-पाच घड उतरवले होते. प्रज्ञाने एक फणी सुरीने कापून उलटी धरली. चीक पाण्यासारखा गळला. दुधासारखा दाट नाही, चिकट नाही. तिची आई लिलाबाई याच शिवारात डोक्यावर घड वाहायची, आणि चीक असा पातळ झाला की केळी झाडावरच पिकायला निघाली, हे प्रज्ञाला पाटी-पेन्सिलीच्या आधी कळलं होतं. बाहेरून हिरवीगार दिसली तरी असली केळी जहाजात चार दिवसांत पिवळी पडणार, आणि आपल्याबरोबर शेजारची सगळी खोकी पिकवणार.

“भाऊ, थांबा. शेठ म्हणाले, ही केळी भरायची नाहीत,” ती म्हणाली.

अभिमनने फोन लावला, ऐकलं, ठेवला.

“ताई, शेठ तर घ्या म्हनतस. नाना आपला जुना मानूस शे, म्हने.”

“तुम्हाला माझं सांगणं कळत नाही का हो?” ती भडकली. “सकाळपासून बघतेय. ऊठसूट फोन.”

“कळस ना, ताई.” अभिमनचा आवाज जराही चढला नाही. “तुम्हीच सांगतस ना, शेठ म्हने आसं करा, शेठ म्हने तसं करा. मंग मी शेठलेच इचारस.”

प्रज्ञाला कानफटात बसल्यासारखं झालं. खरंच की! अकरा वर्षांत एक हुकूम म्हणून तिने स्वतःच्या नावावर दिला नव्हता. चहा सांगायचा तरी ‘शेठ म्हणाले’. लोक चटकन ऐकायचे, तेवढ्यावर तिचं भागायचं. आज तेच सवयीने तोंडातून निघत होतं, आणि आत्ता तर चक्क खोटं निघालं होतं. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

“शेठ म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “मी सांगते. ही केळी कंटेनरमध्ये जाणार नाहीत. घड खाली ठेवा.”

टोळी थांबली. बांधावर बसलेले नाना काठी टेकत उठले.

“कोनी पोर शे तू?”

“लिलाबाई तायडेची.”

“मन्हा बागमा घड वाहे, ती लिलाबाई?”

“तीच.”

नानांनी तिच्या हातातली फणी घेतली, चिकात बोट बुडवलं, बोटावर बोट घासलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. पण केळीत हयात गेलेल्या माणसाला बोट खोटं सांगत नाही. “आजच इथल्या मंडीत लावा, नाना,” प्रज्ञा म्हणाली. “पिकायला आलेला माल म्हणून हातोहात जाईल. गाडी मी बघते.” नानांनी मान हलवली आणि फणी खाली ठेवली.

दुसरी बाग कापायला वेळ उरला नव्हता; संध्याकाळी सहाला कंटेनरला सील लागलं. तिने स्वतःच शेठना फोन केला.

“चौदाशे वीस भरली. एकशे वीस कमी.”

“नानांचा माल नाकारलास. कोणाला विचारून?”

“कोणाला नाही.”

“अट आठवते ना? उद्या सकाळी ऑफिसला यायचं.”

“आठवते. हरले मी. पण त्या खुर्चीत परत बसणार नाही, शेठ. राजीनामा घ्या, त्या सात जणांतला कुणीही घ्या. ती केळी घातली असती तर बाकीची चौदाशेही वाटेत पिकली असती, एवढं मात्र लिहून ठेवा.”

“आता तू मला शिकवणार?”

“हो,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. घरी आई, दोन पोरं, घराचा हप्ता. हे सगळं तिला आत्ता आठवलं. तरी जे बोलली त्यातला एक शब्द तिला परत घ्यावासा वाटला नाही.

अभिमन समोर येऊन उभा होता. फोन त्याच्या खिशातच होता.

“ताई, सकाय कितला वाजता येवानं?”

“साडेपाचला,” प्रज्ञा म्हणाली. शेठ राजीनामा घेईपर्यंत हे काम तिचंच होतं. “उद्या रतिलालची बाग कापायची. ऊन चढायच्या आत उरकू.”

“साडेपाचले रे, बठ्ठा!” त्याने सगळ्या टोळीकडे वळून आवाज दिला. कोणाला काही विचारलं नाही.

प्रज्ञाच्या हातात फोन वाजू लागला. शेठच. तिने तो वाजू दिला. टोळीतली माणसं टेम्पोत चढत होती, आणि कोणी मागे राहिलं नाही ना, हे ती मोजत होती.