दाराआडची आजी

एर्सिलियाने बूट काढून हातात घेतले आणि अनवाणीच जाऊन वर्गाच्या बंद दाराला कान लावला. एका उमेदवाराने दुसऱ्याचा वर्ग ऐकायचा नाही, ऐकला तर नाव बाद, हा नियम तिला तोंडपाठ होता.

एकोणीस वर्षं ती तुकुमानच्या विद्यापीठात स्पॅनिश साहित्य शिकवत होती, तीही हंगामी. आता कुठे जागा कायमची भरायची ठरली, तर तिच्यासमोर अर्ज केला कुणी? फाब्रिसियोने, तिच्याच हाताखाली शिकलेल्या पोराने! काल चिठ्ठी काढली, तेव्हा दोघांना मिळून एकच विषय निघाला होता: स्पेनची जुनी गाणी समुद्र ओलांडून आपल्या डोंगरात कशी रुजली. आज परीक्षकांसमोर आधी त्याने शिकवायचं, मग तिने.

आत परीक्षक खळखळून हसले. तिच्या तासाला असं कुणी कधी हसलं नव्हतं. तिचा नुसता जळफळाट झाला.

“माझी आजी पावाचं पीठ मळताना स्पेनच्या राजकन्येचं गाणं म्हणायची,” फाब्रिसियो सांगत होता. “स्पेन कुठंय गं, म्हटलं, तर म्हणायची...” तो क्षणभर थांबला. “तो काय, ओढ्याच्या पलीकडे!”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आजी तर ती दरवर्षी पहिल्या तासाला आपली म्हणून सांगायची! आणि मेला सांगत होता तिच्यापेक्षा छान. ते मधलं थांबणं तिला कधी सुचलंच नव्हतं. तक्रार करावी, तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारणार. मूग गिळून बसण्यावाचून इलाज नव्हता.

तिने बूट चढवले तोवर फाब्रिसियो घाम पुसत बाहेर आला.

“बाई, तुमच्यापुढे माझा काय निभाव लागणार!”

“आजी बरी आहे ना रे तुझी?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ती ताठ मानेने आत गेली.

परीक्षकांमध्ये मधल्या खुर्चीवर डोन्या नेलिदा होत्या. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच एर्सिलियाला शिकवलं होतं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

“कर सुरू, पोरी. फक्त माझ्या आजीला आता जरा बसू दे. फार पीठ मळलंय बिचारीने.”

एर्सिलियाने खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड केलं.